सेलकाकूंची गाडी

"मेलेलं काय आहे घरात?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात उभं राहून सेलकाकू हे विचारायच्या. अगदी ठणठणीत आवाजात, वर्गात हजेरी घ्यावी तशा. देवघरात बसलेल्या माझ्या सासूबाई तिथूनच "शिव शिव" म्हणायच्या. भिक्षुकाचं घर, सणाचे दिवस, आणि दारात एक विधवा बाई कापडी पिशवी घेऊन मेलेल्याची चौकशी करतेय! काकूंना त्याचं काही नसे. "काल बोलावलं नाहीत ते बरंच झालं, गर्दीत कामाचं बोलता येत नाही," असं म्हणून चपला काढून त्या सरळ आत यायच्या. त्यांना हवे असायचे घड्याळातले संपलेले सेल, जळालेले बल्ब, तुटके चार्जर, निकामी रिमोट. 'बंद पडलंय' हा शब्द त्यांना चालत नसे. वस्तू एक तर जिवंत, नाहीतर मेलेली. मधलं काही नाही.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन काशीला, रामघाटाच्या या गल्लीत आले तेव्हा काकू मुलींच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होत्या. चार लिंबांत तांब्याच्या तारा आणि जस्ताचे खिळे खुपसून त्या एक इवलासा दिवा पेटवून दाखवायच्या. त्या प्रयोगावरून शाळेतल्या मुली त्यांना 'सेलवाली मैडम' म्हणू लागल्या आणि गल्लीतल्या आम्हा मराठी घरांत त्यांच्या झाल्या सेलकाकू. बाकीच्या बायकांच्या पर्समध्ये आरसा असतो, यांच्या पर्समध्ये टेस्टर. नवरा रेल्वेत होता, तो गेला, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर ही बाई चारधाम करील, भजनी मंडळात जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. तर हिनं पिशवी घेतली आणि दारोदार फिरायला लागली. मग पाठीमागे त्यांचं नाव पडलं भंगारकाकू. मीही म्हटलंय तसं. खोटं कशाला बोलू?

पण काकू दिसेल ते उचलून न्यायच्या नाहीत हं. आधी उलटतपासणी व्हायची. कुणी काही पुढं केलं की पहिला प्रश्न, "बिघडलंय, की कंटाळलात?" एकदा माझा मिक्सर चालेना. खरं सांगते, मला आनंद झाला होता. शेजारणीकडे तीन भांड्यांचा नवा आला होता आणि मला तसला हवा होता. मी काकूंपुढं तोंड पाडून मिक्सर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, बुडाशी असलेलं लाल बटण अंगठ्यानं दाबलं, प्लग लावला. मेला घुर्र करून सुरू झाला! "जास्त भार पडला की हा आपण होऊन थांबतो. माणसापेक्षा शहाणा आहे," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून, "मीने, तू कंटाळली होतीस." तो मिक्सर पुढं सात वर्षं चालला आणि सातही वर्षं मी त्याचा राग राग केला.

यांच्या मोबाइलचंही तेच. माझे यजमान बँकेत. दर दोन वर्षांनी नवा फोन घ्यायचा आणि जुना कपाटाच्या खणात टाकायचा, अशी त्यांची रीत. एकदा काकूंनी तो खण उघडायला लावला. आत पाच फोन निघाले आणि त्यातल्या एकाचं पोट फुगून पाठ उचकटली होती. काकूंचा चेहराच उतरला. "अहो, हे पेट घेतं! कपड्यांच्या कपाटात ठेवलंय तुम्ही," असं म्हणत त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातला पत्र्याचा डबा रिकामा करवला, त्यात कोरडी वाळू घातली आणि तो फोन तिच्यात पुरला. उरलेल्या चारांतले दोन त्यांनी चालते करून पाठशाळेतल्या विद्यार्थ्यांना दिले. आमचे हे मग चार दिवस घुश्शात होते. "आमच्या घरात येऊन आमचीच झडती," म्हणायचे.

सासूबाईंशी झालेली लढाई तर घाटावर झाली, पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर, नावाडी आणि यात्रेकरूंच्या देखत. सासूबाईंच्या भावानं त्यांना एक मंत्राची डबी आणून दिली होती. प्लगात खोचली की दिवसभर गायत्री म्हणत राहायची. चार वर्षांनी ती घोगरी झाली आणि मग गप्पच पडली. आता तिला कचऱ्यात कशी टाकणार? सासूबाईंनी ती लाल कापडात बांधली, निर्माल्यात ठेवली आणि गंगेत सोडायला निघाल्या. काकूंनी त्यांना शेवटच्या पायरीवर गाठलं.

"अहो, गायत्री आहे त्यात," सासूबाई म्हणाल्या.

"गायत्री तुमच्या यजमानांच्या तोंडात होती. ह्यात तारा आहेत, शिसं आहे. मंत्र डबीत मावत असते तर भटजींनी बारा वर्षं पाठशाळेत घोकत कशाला काढली?"

नावाडी फिदीफिदी हसले. सासूबाईंचा चेहरा लालेलाल. पण काकू नुसत्या भांडून सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या खाली बसल्या, ओंजळभर पाणी घेतलं, डबीवर चार थेंब शिंपडले, हात जोडले आणि म्हणाल्या, "झालं विसर्जन. आता कुडी माझ्याकडे द्या." सासूबाईंनी निमूट दिली. मग हळूहळू एकेका घरातून कबुल्या बाहेर पडल्या. कुणी देवाच्या तसबिरीभोवतीची दिव्यांची माळ सोडली होती, कुणी जपाचे आकडे मोजणारं यंत्र. एकीनं तर सासऱ्यांचं कानात घालायचं यंत्र अस्थींबरोबर सोडलं होतं, वर त्यांना ऐकू यावं म्हणून. त्यानंतर आमच्या गल्लीत असल्या सगळ्या वस्तूंचं विसर्जन काकूंच्या हातून, चार थेंबांत व्हायला लागलं.

त्यांची खरी युक्ती खंडेनवमीची. त्या दिवशी आपण घरातली यंत्रं मांडून पूजा करतो ना? इथल्या मराठी घरांतही करतात. पूर्वी अडकित्ता, विळी, शिवणाचं मशीन असायचं. आता संगणक, मोबाइल, मिक्सर, इन्व्हर्टर. काकूंनी नियम घातला. पूजेला यंत्रं मांडताना दोन पाट घ्यायचे. चालत असेल ते एका पाटावर, मेलेलं दुसऱ्यावर. फूल दोघांनाही वाहायचं, पण आरती झाली की दुसरा पाट काकूंचा. वर्षभर ज्या वस्तू खणांत, माळ्यावर, पलंगाखाली दडवलेल्या असतात त्या पूजेच्या निमित्तानं आपसूक बाहेर येतात. हे कुठल्या सरकारी कचेरीला सुचलं नसतं. आमच्यातल्या तरुण पोरी तर पाटाचे फोटो एकमेकींना पाठवायला लागल्या.

काकू हे सगळं का करतात, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. एकाकी बाईचा चाळा, असंच धरून चाललो होतो. एका उन्हाळ्यात त्या माझ्याकडे ताक प्यायला बसल्या असताना त्यांनी आपण होऊन सांगितलं.

नवरा गेल्यावर त्यांनी त्याचा टीव्ही, जुना संगणक, तारांची गुंडाळी असं सगळं कबाडीवाल्याला देऊन टाकलं होतं. आपण करतो तसंच. नंतर काही महिन्यांनी त्या कुणाच्या तरी पंचाहत्तरीला नदीपार, रामनगरकडे गेल्या होत्या. बाजारात एका बाईनं वाकून नमस्कार केला. "मैडम जी, पहचाना? फूलमती. आठवीं बी." काकूंना आठवली. लिंबाच्या प्रयोगात पुढं येऊन तार धरणारी. आता धरण्यासारखे हात राहिले नव्हते तिचे. बोटांची कातडी सोलून पांढरी झालेली, नखं अर्धी गेलेली, आणि दर दोन वाक्यांनंतर खोकला. तिचं घर जवळच्या एका वस्तीत होतं. नवऱ्याबरोबर ती अंगणात तारा जाळून तांबं काढायची आणि यंत्रांतल्या सर्किटच्या हिरव्या पट्ट्या तेजाबात, म्हणजे अॅसिडात, बुडवून त्यातलं काय काय काढायची. काकूंनी विचारलं, हा माल येतो कुठून? फूलमती हसून म्हणाली, "आप ही लोगों के घर से आता है, मैडम जी. रामघाट का माल अच्छा रहता है."

"मीने," काकू म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याचा टीव्ही त्या पोरीनं छातीत ओढून घेतलाय." ताकाचा पेला त्यांनी तसाच खाली ठेवला.

काकू त्या पोरीला म्हणाल्या होत्या, आमच्या गल्लीतून यापुढं एक तार तुझ्याकडे येणार नाही. तर फूलमती घाबरली. "माल नहीं आएगा तो खाएँगे क्या?" याचं उत्तर शोधण्यात काकूंची तीन वर्षं गेली. लखनौकडची एक कंपनी त्यांना सापडली, असला कचरा रीतसर घेऊन नीट मोडणारी, कायद्याची परवानगी असलेली. फोनवरचा माणूस भला होता. तो म्हणाला, गाडी एवढ्या लांब पाठवायची तर ती भरली पाहिजे आणि माल वेचून वेगळा केलेला पाहिजे. पहिली गाडी चांगली गेली तर आम्ही तिथे कायमचं केंद्र काढू आणि वेचायला तुमचीच बाई पगारावर ठेवू, हातमोजे, मुखपट्टी, दवाखाना सगळं देऊ. बस्स! त्या दिवसापासून काकूंना एकच ध्यास लागला. एक गाडी भरायची. एक गाडी, की फूलमती त्या धुरातून बाहेर.

माल साठवायला जागा मी दिली. आमच्या घराची गल्लीकडची तळमजल्याची खोली पूर्वी मामंजींकडे पूजेला येणाऱ्या यजमानांसाठी असायची. मामंजी गेले, भिक्षुकी संपली, खोली पडून होती. "घ्या काकू, तुमचीच समजा," मी म्हटलं, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. आठवड्यातून तीन दिवस फूलमती यायची. काकूंनी दिलेले जाड हातमोजे घालून जमिनीवर बसायची आणि सेल एका गोणीत, तारा दुसऱ्या, पट्ट्या तिसऱ्या, असं वेचत राहायची. त्या तीन दिवसांचं काकू आपल्या पेन्शनमधून तिला द्यायच्या, म्हणजे ते तीन दिवस तिकडं जाळणं नाही. वर्षभरात तिची बोटं भरून आली. नवी नखं फुटली, ती तिनं मला दाखवली होती. मी तिला चहा देत असे. तिचा कप वेगळा होता. तो सासूबाईंनी नाही, मीच वेगळा ठेवला होता.

गेल्या खंडेनवमीला खोलीतला माल छताला टेकला. काकू दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. गाडीची तारीखही ठरली, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली.

आणि तेव्हाच आमच्या घरात पाहुण्यांच्या खोलीचं खूळ शिरलं. सगळ्या गल्लीत शिरलं होतं. काशीला आता जो तो येतो. ज्याच्याकडे दोन पलंग आणि एक गीझर आहे त्यानं दाराला पाटी लावलीय. देवदिवाळीला तर घाटाजवळ पाय ठेवायला जागा मिळत नाही. यांनी खोलीचे फोटो न काढताच चार दिवसांचं आरक्षण घेऊन टाकलं. मी म्हटलं, अहो, माल आहे तिथं. तर म्हणाले, "गाडी जाईल, मग रंग मारू." मग रंगारी म्हणाला, दिवाळीआधी या नाहीतर माघात या, मधे मला वेळ नाही. बोंबला!

मी काकूंना विचारलं. विचारलं म्हणजे आडून आडून. त्यांनी माझा हात धरला. "मीने, तेवढे दिवस काढ गं. वर्षाचं नाही, महिन्याचं मागतेय. ही गाडी गेली की तुझी खोली तुला, मी झाडून देईन." मी म्हटलं, "काकू, काळजी करू नका. मी आहे ना. गाडी येईपर्यंत एका गोणीला हात लागणार नाही." हे माझे शब्द. ते दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाहीत.

काकू दसऱ्यानंतर नागपूरला भावाकडे गेल्या, मोतीबिंदू काढायला. इथेही झाला असता. पण नंतर तासातासाला डोळ्यांत थेंब घालायला कुणीतरी लागतं आणि इथे त्यांचं कुणी नव्हतं. मी समोर राहते. मी म्हणू शकले असते, मी घालते थेंब. म्हटलं नाही. जाताना फूलमतीला सांगून गेल्या, मी आले की गाडीच्या दिवशी ये, तुला साहेबांना भेटवायचंय.

त्या गेल्याच्या चौथ्या दिवशी रंगारी दारात उभा राहिला. हे म्हणाले, "आज नाही तर नाही." सासूबाई म्हणाल्या, "कुणाचं काय, तर कुणाचं काय. आपल्या घरात दुसऱ्याचं भंगार किती दिवस ठेवायचं?" त्या दोघांवर ढकलणं सोपं आहे आणि मी मनात पुष्कळदा ढकललंय. पण कबाडीवाल्याला खिडकीतून हाक मी मारली. तो आत आला, गोण्या उघडून पाहिल्या आणि सगळं वेचून वेगळं केलेलं बघून खूश झाला. "दीदी, इतना साफ़ माल! सब छाँटा हुआ है!" दोन हातगाड्यांच्या सहा फेऱ्या झाल्या. मी गॅलरीत उभी राहून बघत होते आणि स्वतःला सांगत होते, भंगारच तर आहे. कुणीतरी नेणारच होतं. संध्याकाळपर्यंत खोलीला पहिला हात मारून झाला होता.

काकू परतल्या त्या दिवाळी उलटल्यावर. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, हातात औषधांची पिशवी. घरी न जाता आधी आमच्याकडे. खोलीचं दार उघडं होतं, आत पांढरा उजेड आणि नव्या रंगाचा वास. त्या उंबऱ्यात थबकल्या.

"माल?"

मी काय बोलणार होते ते मला स्वतःला ठाऊक नव्हतं. तोंडातून निघालं, "गाडी आली होती, काकू. लवकर आली. घेऊन गेली सगळं."

अगं बाई, तो आनंद! ती सत्तरीची बाई रंगवलेल्या भिंतीला हात लावून हसायला लागली. रंगाची पांढरी पूड तिच्या तळव्याला लागली. "आली? अगं, खरंच आली? काय म्हणाले? माल बघून काय म्हणाले?" आणि मी सांगत गेले. म्हणाले, इतका साफ माल कुठं बघितला नाही. पावती नंतर पाठवणार आहेत. केंद्राचंही बोलले. एक एक वाक्य विचारलं की एक एक वाक्य तयार. कर्म माझं, इतकं सराईत खोटं बोलता येतं मला, हे मला त्या दिवशी कळलं. काकू म्हणाल्या, पेढे आण. धुळीत जायची डॉक्टरांची मनाई होती म्हणून मी जाऊन आणले. त्यांनी गल्लीतल्या घराघरांत वाटले. "आपली गाडी गेली," असं प्रत्येकीला सांगितलं. ज्या बायका त्यांना भंगारकाकू म्हणायच्या, त्यांनीही दोन दोन घेतले.

मला वाटलं होतं, कंपनीला फोन करतील तेव्हा काहीतरी सांगू. त्यांनी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी उरलेले पेढे घेऊन त्या ई-रिक्षात बसल्या आणि पूल ओलांडून फूलमतीकडे गेल्या. मी गॅलरीतून जाताना बघितलं. ओरडून थांबवता आलं असतं.

दुपारी परतल्या. आमच्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. त्यांच्या साडीला जळक्या रबराचा वास येत होता. मी "या ना काकू" म्हटलं, ते त्यांना ऐकू गेलं नसावं. किंवा गेलं असावं.

"ती अंगणात बसली होती," त्या म्हणाल्या. "धूर होता. मला ह्या चष्म्यातून धड दिसत नव्हतं, मला वाटलं चूल असेल. मी तिला सांगितलं, गाडी आली, तुझं काम झालं आता. पेढा दिला. तिनं घेतला, कपाळाला लावला, खाल्ला. मी बोलतेय, बोलतेय. मग ती म्हणाली, 'मैडम जी, माल तो यहीं जल रहा है. मेरा ही छाँटा हुआ है.'"

मी पुढं झाले, त्यांनी हातानंच थांबवलं.

"विकलंस त्याचं मला इतकं नाही गं. तुझी खोली, तुझी अडचण. मला नागपूरला एक फोन केला असतास तर मी रडले असते, ओरडले असते, पण तिच्यापुढं पेढा घेऊन उभी राहिले नसते." एवढं बोलून त्या समोरच्या जिन्यानं आपल्या घरी गेल्या. एका हातानं भिंत चाचपत.

ठरल्या तारखेला कंपनीची गाडी आली. गल्लीत गाडी शिरत नाही. ती मोठ्या रस्त्यावर उभी करून दोघं जण ढकलगाडी घेऊन घर शोधत आले. त्यातला एक तोच फोनवरचा भला माणूस असावा. मी दाराआड उभी होते. काकू खाली उतरल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "माल नहीं है, भैया. मुझसे ही गलती हो गई. मैंने आपको झूठी तारीख़ दे दी." तो माणूस आधी चिडला, मग नुसता बघत राहिला. इतक्या लांबून रिकामी गाडी आली, आता साहेब पुन्हा इकडे पाठवणार नाहीत, असं म्हणाला. काकूंनी त्या दोघांना पाणी दिलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. गल्लीतही कुणाजवळ घेतलं नाही, आणि म्हणून गल्लीला आजही वाटतं की त्या हातगाड्यांवरून काकूंची गाडी भरून गेली. मला बायका अधूनमधून विचारतात, पुढची कधी येणार? मी सांगते, येईल.

महिन्याभरात काकू कायमच्या नागपूरला गेल्या. कुणी सोडायला गेलो नाही. मला तर तोंडच नव्हतं. आमची खोली छान चालते. पाहुणे वहीत लिहून जातात की यजमानीण फार प्रेमळ आहे.

मी त्यांना एकदाच फोन केला, होळीला. उचलतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी उचलला. मी डोळा कसा आहे विचारलं, भावाची चौकशी केली, उन्हाळ्याचं बोलले, आणि मग बोलण्यासारखं काही उरेना. तेव्हा त्या म्हणाल्या, "फूलमतीचा खोकला कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हटलं.

"तू गेली होतीस?"

"हो."

"हात?"

"हातही बरे आहेत."

त्या "बरं झालं गं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वैशाखात त्यांच्या भावाचा फोन आला. झोपेतच गेल्या. म्हणाला, तिथे कुणाला कळवायचं असेल तर तुम्ही कळवा. मी घरोघर जाऊन सांगितलं. सगळ्याजणी हळहळल्या. सासूबाई तर दिवसभर जेवल्या नाहीत.

आता एकच घर राहिलंय. पूल ओलांडून जायला अर्धा तास लागतो, रिक्षा दाराशी मिळते. मी अजून गेलेले नाही.